अंघोळीच्या पाण्यात इसेन्शियल ऑइल टाकताय? जरा थांबा, आधी ते कशात तरी मिसळा

गेल्या पावसाळ्यात पंचगंगेचं पाणी चढलेलं, आठ दिवस कपडे वाळंनात, अंग नुसतं आंबून गेलेलं. म्हटलं चला आज निलगिरीचं इसेन्शियल ऑइल, म्हणजे झाडपाल्यातनं काढलेलं उग्र वासाचं तेल, टाकून मस्त अंघोळ करू. बादलीत कढत पाणी, त्यात आठ-दहा थेंब, हाताने ढवळलं आणि पहिलाच तांब्या मांडीवर ओतला तर असं चुरचुरलं की बास, मिरची कुटलेला हात लागल्यागत. वरनं गार पाणी ओतत बसलो, काय उपयोग नाही. शेवटी बायको बाहेरनं ओरडली, "अहो खोबरेल चोळा, मग साबण लावा." तसं केलं तेव्हा कुठं आग थांबली.

का झालं असं? मिसळ डोळ्यासमोर आणा. कटावर लाल तवंग असतो ना, कितीबी ढवळा परत वर येतोच, तसंच हे. पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून बसतात, तेलाला आत घेतच नाहीत. निलगिरी, लॅव्हेंडर ही तेलं पाण्यापेक्षा हलकी म्हणून वर तरंगतात, लवंगेचं जड म्हणून तळाला जातं. ढवळलं की थेंबाचे बारके थेंब होतात एवढंच, थेंब शंभर टक्के तेलाचाच राहतो आणि तो तसाच कातडीला चिकटतो. वर पाणी गरम, म्हणजे चुरचुर अजून जास्त.

नेटवर सांगतात दुधात टाका, मिठात टाका, मधात टाका. विश्वास ठेवू नका, स्वतःच बघा. काचेच्या ग्लासात पाणी घ्या, चमचाभर इप्सम सॉल्टला (अंघोळीच्या पाण्यात टाकतात ते मीठ) दोन थेंब तेल चोळून त्यात टाका. मीठ विरघळून जातं आणि तेलाचे डोळे वर चमकत राहतात. दुधातली चरबी थोडी आणि तीही आधीच प्रथिनांच्या वेष्टनात बंद, त्यामुळं त्याच्यावर भरवसा टाकण्यात अर्थ नाही.

मग करायचं काय? दोनच रस्ते मला पटलेत.

सोपा रस्ता म्हणजे साधं तेल. खोबरेल, तिळाचं, बदामाचं, घरात असेल ते. दोन छोटे चमचे म्हणजे साधारण १० मिली तेल वाटीत घ्या, त्यात ४ थेंब इसेन्शियल ऑइल, बोटाने फिरवा. २० थेंबांचा अंदाजे १ मिली होतो, म्हणजे हे झालं २ टक्के, मोठ्या माणसाला एवढं पुष्कळ. हे मिश्रणसुद्धा पाण्यावर तरंगणारच, पण आता जे अंगाला लागेल ते पातळ केलेलं असेल. फक्त आमच्यासारखी शहाबादी फरशी असेल तर सांभाळून, एक पाय घसरला की अंघोळ महागात पडते. पाय शेकायला घमेल्यात किंवा टबात कोमट पाणी घेणार असाल तर याच्या निम्मं बास.

दुसरा रस्ता साबणाचा. बिनवासाचा लिक्विड सोप किंवा माइल्ड शाम्पू एक मोठा चमचा, त्यात ४-५ थेंब, नीट घोटून मग बादलीत. साबणाच्या रेणूचं एक टोक तेलाला धरतं, दुसरं पाण्याला, आणि तेल बारीक कणांत वाटलं जातं. पाणी थोडं दुधाळ दिसलं, वर डोळे नाहीत, तर जमलं समजा. घरी कॉस्मेटिक बनवणारे यासाठी पॉलिसॉर्बेट २० नावाचं, तेल पाण्यात मिसळवणारं द्रव्य वापरतात. त्याचं प्रमाण तेलागणिक बदलतं, म्हणून आधी ग्लासात करून बघायचं. रिठ्याच्या पाण्यालाही सॅपोनिन या साबणासारख्या घटकामुळं फेस येतो, पण ते डोळ्यात गेलं तर काय होतं ते ज्याला माहीत त्यालाच माहीत.

मला तर वाटतं आपली अभ्यंगस्नानाची पद्धतच बरोबर आहे. दिवाळीत आज्जी पाण्यात तेल कधी टाकायची नाही, आधी अंगाला चोळायची, मग उटणं, मग बंबातलं पाणी. क्रम बघा, तेलात तेल, मग पुसणारं काहीतरी, पाणी शेवटी. आपण ते सोडून बाथटबवाल्यांची पद्धत बादलीत करायला गेलो.

काही तेलं मात्र अंघोळीत नकोच. दालचिनी, लवंग यांनी कातडी लालभडक होते. पेपरमिंट एखादा थेंबच, कारण मेंथॉल गारव्याच्या नसा चाळवतं आणि गरम पाण्यातसुद्धा हुडहुडी भरते. लिंबाचं दाबून काढलेलं तेल लावून उन्हात गेलं तर चट्टे उठू शकतात, आणि जुनं झालेलं तर अजून त्रासदायक, बाटली उघडी ठेवली की हवेनं ते बदलतं. बारक्या पोरांच्या पाण्यात कापूर, निलगिरी अजिबात नको, कापूर पोटात गेला तर झटके येऊ शकतात. गरोदर बाई, दमेकरी, सोरायसिस-एक्झिमावाले यांनी डॉक्टरला विचारूनच. शुगरवाल्यांनी पाय शेकताना पाणी कोपराने तपासा, पावलाला चटका कळेलच असं नाही.

नवीन तेल असेल तर पातळ केलेलं थेंबभर कोपराच्या आत लावून एक दिवस थांबा. आणि मिश्रण पाण्यात अगदी शेवटी टाका, आधीच टाकून मोबाईल बघत बसलात तर वास बाथरूमभर उडून जातो आणि बादलीत नुसतं खोबरेल राहतं.