थेरपिस्टला भेटायला जाताना वही घेऊन जा

"मम्मी, तुम्ही घरी करून घेत नाही ना, म्हणून तो मागे पडतोय." हे वाक्य मी सहा वर्षांत नाशिकच्या तीन थेरपी सेंटरमध्ये ऐकलं. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, त्याला ऑटिझम आहे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा रिक्षात घरी येईपर्यंत रडत होते. आता असं कोणी म्हणालं की मी वही उघडते आणि विचारते, "मागच्या गुरुवारी तुम्ही काय सांगितलं होतं ते इथे लिहिलंय. त्यातलं काय राहिलं, सांगा." पुढचं बोलणं मग मुलाबद्दल होतं, माझ्याबद्दल नाही.

तर आधी एक शंभर पानी वही घ्या. तारीख, कोण भेटलं, काय सांगितलं, घरी किती दिवस जमलं, एवढंच लिहा. न जमलेले दिवसही लिहा. ताप होता, पाहुणे होते, तुमचंच अंग दुखत होतं, जे असेल ते. चांगल्या थेरपिस्टला त्याचाच जास्त उपयोग होतो.

पहिल्या भेटीतच नोंदणी क्रमांक विचारा. स्पीच थेरपिस्ट, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आणि विशेष शिक्षक यांची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे असावी लागते. १९९२ चा कायदाच आहे तसा. ऑक्युपेशनल थेरपिस्टची (जेवणं, कपडे घालणं अशा रोजच्या कामांची तयारी करून घेणाऱ्यांची) नोंद तिथे नसते, त्यांच्यासाठी महाराष्ट्रात वेगळी राज्य परिषद आहे. विचारायला संकोच वाटतो, मलाही वाटायचा. पण ज्यांच्याकडे क्रमांक आहे ते तो सहज देतात.

आता खरी अडचण. "सहा महिने झाले, काय फरक पडला?" असं विचारलं की "हळूहळू येईल" हे उत्तर मिळतं. चूक आपल्या प्रश्नातही असते. आमच्या फाइलमध्ये लिहिलेलं होतं, 'संवाद सुधारणे'. हे कधी पूर्ण होणार आणि कोण ठरवणार? दुसऱ्या सेंटरमधल्या एका ताईंनी ते खोडलं आणि लिहिलं: 'तहान लागल्यावर माझा हात न ओढता पाण्याच्या तांब्याकडे बोट दाखवेल, दिवसातून तीनदा, आठ आठवड्यांत.' मी ते फ्रिजवर चिकटवलं. पाचव्या आठवड्यात एका दुपारी तो ओट्यापाशी आला, तांब्याकडे बोट केलं आणि माझ्याकडे बघितलं. बघितलं, हे मी वहीत दोनदा लिहिलंय. तुम्हीही प्रत्येक उद्दिष्ट असंच लिहून मागा: मूल काय करताना दिसेल, किती वेळा आणि कधीपर्यंत. तीन महिन्यांनी तोच कागद समोर ठेवून बसा.

बंद दारामागे पंचेचाळीस मिनिटं काय चालतं हे कळायलाच हवं. पूर्ण वेळ आत बसू देत नसतील तर शेवटची दहा मिनिटं मागा. त्यात थेरपिस्टने करून दाखवायचं नाही, तुम्ही करायचं आणि त्यांनी तुमची चूक सांगायची. "घरी बोलत राहा" या सल्ल्यापेक्षा ती दहा मिनिटं शंभरपट मोलाची.

रिपोर्ट हातात आला की काउंटरवरच वाचा. एकदा आमच्या रिपोर्टच्या तिसऱ्या पानावर माझ्या मुलाचा उल्लेख मुलगी म्हणून होता आणि त्याला झोक्याची भीती वाटते असं लिहिलं होतं. झोक्यावरून उतरायला तयार नसतो तो! कुणाच्या तरी लेकीचा रिपोर्ट नाव बदलून आम्हाला दिला होता, आणि त्याचे पैसे आम्ही भरले होते. मी तो परत केला. दुरुस्त करून सही, तारीख आणि नोंदणी क्रमांकासह घेतला. हाच कागद पुढे शाळेत आणि सिव्हिलला दाखवावा लागतो, म्हणून इथे भीड धरू नका.

सिव्हिलमध्ये दिव्यांगत्व प्रमाणपत्रासाठी जाल तेव्हा मुलाचे घरचे दोन-तीन छोटे व्हिडिओ मोबाइलमध्ये असू द्या. तिथे मिळणाऱ्या थोड्या वेळात मूल एक तर गप्प बसतं नाहीतर रडतं. ऑटिझमसाठी आयएसएए या मोजपट्टीवर गुण देतात, त्यात बरेच प्रश्न पालकांनाच विचारतात. "करतो तसा" असं उत्तर देऊ नका, किती वेळा सांगावं लागतं ते सांगा. त्यावरून ठरणारं दिव्यांगत्व ४० टक्के किंवा त्याहून जास्त आलं तरच बहुतेक सवलती मिळतात.

शाळेचं थोडक्यात सांगते. "आमच्याकडे जमणार नाही" हे नेहमी तोंडी सांगतात. तुम्ही प्रवेशाचा अर्ज लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारखेसह पोच घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने शासनमान्य किंवा अनुदानित शाळांना भेदभाव न करता प्रवेश द्यायला सांगितलंय. नकारही लेखीच मागा. तो कागद घेऊन शिक्षणाधिकाऱ्यांकडे जाता येतं आणि तिथे दाद लागली नाही तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे.

महत्त्वाच्या भेटीला बाबांनाही न्या. एकाचं ऐकायचं राहिलं तर दुसऱ्याने ऐकलेलं असतं. बाबा सोबत असले की तेच डॉक्टर जास्त वेळ देतात, याची मला अजूनही चीड येते, पण वेळ मिळतो तर घ्या.

आणि सेंटर बदलायचंच ठरलं तर आधी थेरपिस्टला स्पष्ट सांगून बघा. त्यांच्याकडेही दिवसाला दहा-बारा मुलं असतात, कधी कधी सांगितल्यावर फरक पडतो. नाहीच पडला तर आजवरचा गोषवारा लेखी घ्या, मूळ रिपोर्ट परत घ्या आणि मुलाला एकदम नव्या जागी नेऊ नका. आमचा मुलगा जुन्या सेंटरच्या वळणावर रिक्षा वळली नाही की किंचाळायचा. मग चार दिवस आम्ही नव्या सेंटरच्या नुसत्या फाटकापर्यंत गेलो, शेजारच्या दुकानातून बिस्किटाचा पुडा घेतला आणि परत आलो. पाचव्या दिवशी तो पायऱ्या चढला.