हाताला लोणी लागलेल्यांसाठी

हळू आलेला, सोपा झेल सुटला की कॉमेंटेटर 'बटरफिंगर्स' (लोणी लागलेली बोटं) म्हणतो आणि आपल्या पुण्याच्या एस. पी. कॉलेजच्या मैदानावर कठड्यावरून कुणीतरी ओरडतं, "हाताला लोणी लावून आलास का रे?" इंग्रजांची ही शिवी मात्र मूळची मैदानातली नव्हे, स्वयंपाकघरातली. जर्व्हेस मार्कम या इंग्रज लेखकाने १६१५ मध्ये गृहिणींसाठी लिहिलेल्या पुस्तकात बजावलंय, की बाई लोणी लागलेल्या बोटांची नको, हातातलं सगळं पाडेल. क्रिकेटशी या शिवीची गाठ डिकन्सच्या 'पिकविक पेपर्स' कादंबरीत दिसते (१८३६-३७). त्यात सामना बघायला आलेला एक आगाऊ माणूस चेंडू सोडणाऱ्यांना हेच ऐकवत असतो. स्वतः खेळत नाही, हे वेगळं सांगायला नको.

माझ्याकडे क्रिकेट शिकायला येणाऱ्या पोरांचे झेल सुटतात ते लोण्यामुळे नव्हे. हात ताठ असतात. चेंडू लाकडावर आदळल्यासारखा उसळून बाहेर जातो. म्हणून आधी टेनिस बॉल आणि भिंत. पार्किंगची चालेल, गाड्या नसलेली बाजू बघा. चेंडू बोटांच्या बुडाशी लागला की त्याच क्षणी हात पोटाकडे घ्यायचे. पकडल्याचा आवाज 'टप्प' नको, जवळजवळ यायलाच नको. हे जमेपर्यंत लेदर बॉल हातात देऊ नका. तो १५६ ते १६३ ग्रॅमचा असतो. एकदा अंगठ्याला लागला की पोरगं पुढचे दोन आठवडे डोळे मिटून झेल घेतं.

छातीच्या खाली आलेल्या चेंडूला करंगळ्या जुळवून ओंजळ, बोटं जमिनीकडे. छातीच्या वर असेल तर अंगठे जुळवून, बोटं आभाळाकडे. टीव्ही बघून पोटाजवळच्या चेंडूलाही उलटे हात करणारे असतात, त्यांना मी सरळ ओरडतो. बोटांची टोकं चेंडूकडे रोखायची नाहीत, बोट मोडतं.

उंच उडालेल्या झेलाला आधी धावून खाली पोचा, मग हात वर. हात पसरून धावणाऱ्याचा तोल जातो. "माझा!" असं मोठ्यानं ओरडा, नाहीतर दोघं एकमेकांवर आपटतात.

जुलै-ऑगस्टमध्ये टेनिस बॉल मुद्दाम बादलीत बुडवून सराव करा. भिजलेला चेंडू खरंच लोण्यासारखा निसटतो, तेव्हा तो पंजात न धरता दोन्ही हातांनी छातीशी दाबायचा.