प्रकल्पाचं नाव बदलायचं ठरलंय? आधी एवढं हातावेगळं करा

लातूर, धाराशिव आणि बीडमधली आम्ही पाच जणं मिळून गावोगावच्या पावसाची नोंद ठेवणारं एक मुक्त सॉफ्टवेअर (ज्याचा कोड कुणालाही बघता, वापरता आणि बदलता येतो असं) सांभाळतो. त्याचं नाव 'पाऊस'. रोमन लिपीत पी, ए, यू, एस. औसा तालुक्यातल्या एका काकांनी ॲप घेतलं आणि संध्याकाळी फोन केला, "बाबा, हे पॉज काय आलंय? पाऊस थांबलाय म्हणायलंय का ह्ये?" पावसाचा खंड पडलेला असताना असा प्रश्न आला की पोटात कालवतं. नाव बदलायचं तिथंच ठरलं. तेव्हापासून जी तयारी चालू आहे ती इथं मांडतो, कारण मुक्त सॉफ्टवेअर चालवणाऱ्या बहुतेकांवर ही वेळ कधी ना कधी येते.

सगळ्यात आधी कारण लिहून काढा. चार ओळी पुरतात, पण त्या रेपोमध्ये, म्हणजे कोड ठेवायच्या सामायिक जागेत, सगळ्यांना दिसतील अशा ठेवा. पुढची घाई किती करायची ते कारणावर ठरतं. नेटवर्कवरची ये-जा तपासणाऱ्या इथरियल या सॉफ्टवेअरचं नाव २००६ मध्ये वायरशार्क झालं, कारण मूळ लेखकानं नोकरी बदलली आणि नावाचा ट्रेडमार्क जुन्या कंपनीकडेच राहिला. ओपनऑफिस या ऑफिसच्या कामाच्या सॉफ्टवेअरमधली मंडळी २०१० मध्ये बाहेर पडली तेव्हा कोड सोबत नेता आला, नाव नाही, म्हणून लिब्रेऑफिस. लायसन्स कोडची मोकळीक देतं, त्यात नाव येतंच असं नाही. अपाचे लायसन्समध्ये तर ट्रेडमार्कची परवानगी मिळत नाही असं स्पष्ट लिहिलेलं आहे. असं कायद्याचं कारण असेल तर आजच कामाला लागा. आमच्यासारखा उच्चाराचा घोळ असेल तर सवडीनं करा. आणि नुसता जुन्या नावाचा कंटाळा आला असेल तर माझं स्पष्ट मत आहे, बदलू नका.

मग शोधाशोध. यात कुचराई केली की काय होतं ते फायरफॉक्सच्या इतिहासात दिसतं. २००२ मध्ये तो ब्राउझर फिनिक्स नावानं आला. त्या नावाची एक जुनी कंपनी होती, म्हणून २००३ मध्ये फायरबर्ड केलं. फायरबर्ड नावाचा मुक्त डेटाबेस आधीपासून होता, त्या मंडळींनी हरकत घेतली. शेवटी फेब्रुवारी २००४ मध्ये फायरफॉक्स. दोन वर्षांत तीन नावं! आपल्याकडे ट्रेडमार्क नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर फुकट शोधता येतं. सॉफ्टवेअरसाठी वर्ग ९ आणि वर्ग ४२ दोन्ही बघा, आणि उच्चारावरून शोधायची सोय आहे ती नक्की वापरा, कारण मराठी शब्द रोमनमध्ये कोण कसा लिहील याचा नेम नसतो. नोंदणी करायचीच असेल तर व्यक्तीला ऑनलाइन अर्जाचे एका वर्गाला ४,५०० रुपये लागतात आणि ती दहा वर्षं चालते. त्यानंतर गिटहब (कोड ठेवायची जागा), पायपीआय आणि एनपीएम (तयार कोडची पॅकेजेस मिळतात त्या जागा), प्ले स्टोअर, एफ-ड्रॉइड (मुक्त ॲप मिळायची जागा) आणि डोमेन, सगळं एकाच बैठकीत तपासा. नाव पक्कं झालं की जाहीर करायच्या आधी या जागा घेऊन ठेवा, नंतर नको.

नावाची पारख कागदावर होत नाही, ती फोनवर होते. आम्ही प्रत्येक नाव तिघांना फोनवर एकदाच सांगतो आणि ऐकून इंग्रजी कीबोर्डवर टाइप करून पाठवायला लावतो. 'मृग' आमच्या फार मनात होतं. पुण्यातल्या मित्रानं एम-आर-यू-जी लिहिलं, भोपाळच्या मैत्रिणीनं एम-आर-आय-जी. ऋ आपण 'रु' म्हणतो, उत्तरेत 'रि' म्हणतात, म्हणजे शोधणारे निम्मे लोक चुकणार. 'ओल' किती गोड शब्द, पण रोमनमध्ये दोनच अक्षरं उरतात, आणि वेबपेज लिहिणाऱ्याला तो यादीचा टॅग वाटतो. 'वाफसा' कुणी फ लावून म्हणतं, कुणी प, आणि हिंदीवाल्यांना त्यात 'वापस' ऐकू येतं. 'शिवार' घेतलं तर लोकांना जलयुक्त शिवारची सरकारी योजना वाटेल आणि अनुदानाचे फोन येतील. 'सरी' तर रोमनमध्ये साडी होते. आता दोन नावं उरली आहेत. ती आजी-आजोबांच्या तोंडी बसतात का, हे या महिन्यात बघायचं आहे. उच्चाराची गोष्ट लहान नसते. गणिती सिद्धता तपासणाऱ्या 'कॉक' या फ्रेंच सॉफ्टवेअरचं नाव इंग्रजीत अश्लील ऐकू यायचं, म्हणून इतक्या वर्षांनी ते 'रॉक' केलं, आणि स्पेलिंगमध्ये शेवटचा क्यू जपला.

आता सगळ्यात मोठं काम. कोडमध्ये जुनं नाव कुठं कुठं आहे त्याचा शोध घ्या आणि प्रत्येक जागेपुढे लिहा: हे माणसाला दिसतं, हे दुसऱ्याच्या प्रोग्रामला लागतं, की याला हात लावायचाच नाही. ही वर्गवारी आम्हाला २०२३ नं शिकवली. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव. आमच्या तक्त्यात जिल्ह्याची ओळख म्हणजे त्याचं नावच होतं. नवीन नोंदी नव्या नावानं आल्या आणि आलेखावर एका जिल्ह्याचे दोन जिल्हे दिसू लागले. धाराशिवला त्या वर्षाआधी पाऊसच पडला नव्हता असं वाटावं! तीन रात्री बसून आम्ही प्रत्येक जिल्ह्याला सरकारी स्थानिक निर्देशिकेतला संकेतांक दिला आणि जुनी-नवी नावं वेगळ्या तक्त्यात ठेवली. नाव बदलतं, संकेतांक बदलत नाही. प्रकल्पालाही हेच लावा. अँड्रॉइड ॲपचा ॲप्लिकेशन आयडी बदलला की फोनच्या दृष्टीनं ते वेगळंच ॲप होतं: जुन्याला अपडेट जात नाही आणि त्यातल्या नोंदी नव्याला दिसत नाहीत. एखाद्या माउलीनं चार पावसाळे रोज सकाळी पर्जन्यमापक बघून केलेल्या नोंदी असतात त्या. आयडीमध्ये जुनं नाव राहिलं तर राहू द्या, तो कुणी वाचत नाही. जायकवाडीचं धरण पैठणला आहे. नाव बीड जिल्ह्यातल्या ज्या गावाजवळ ते आधी योजलं होतं त्याचं राहिलं, आणि पाण्याचं त्यावाचून काही अडलं नाही.

दुसऱ्यांच्या प्रोग्रामला लागणाऱ्या गोष्टींना पूल बांधावे लागतात. गिटहबवर रेपोचं नाव बदललं तर जुना पत्ता नव्याकडे वळतो, पण जुन्या नावानं पुन्हा रेपो काढला की ते वळण संपतं. गिटहब पेजेसचे (तिथंच ठेवलेल्या संकेतस्थळांचे) पत्ते आणि रेपोत ठेवलेल्या ॲक्शन (दुसऱ्यांनाही वापरता येणारी, आपोआप चालणारी कामं) मात्र आपोआप वळत नाहीत, त्या हातानं करायच्या. पायपीआयवर पॅकेजचं नाव बदलायची सोय नाही: नवीन पॅकेज काढा, जुन्याची एक शेवटची आवृत्ती द्या, तिनं नव्याला ओढून घ्यावं आणि वापरणाऱ्याला सूचना द्यावी. सेटिंगची फाइल आणि एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रामला बाहेरून दिलेली सेटिंग) काही आवृत्त्यांपर्यंत दोन्ही नावांनी वाचा. जुनं पॅकेज पुसून मात्र टाकू नका. २०१६ मध्ये एनपीएमवर एका पॅकेजच्या नावावरून वाद झाला, लेखकानं रागानं आपली सगळी पॅकेजेस काढून घेतली, त्यात लेफ्ट-पॅड नावाचं अकरा ओळींचं एक होतं, आणि त्यावर अवलंबून असलेले जगभरचे बिल्ड (कोडमधून प्रोग्राम तयार करायचं काम) कोसळले.

माणसांची तयारी यासोबतच चालू ठेवा. आमच्याकडे नामांतर हा शब्द हलक्यानं घेत नाहीत. १९७८ चा ठराव आणि १४ जानेवारी १९९४ चा मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार, यांच्या मधली वर्षं सोसलेली माणसं आमच्या घरांत आहेत. त्या लढ्याशी सॉफ्टवेअरची बरोबरी होत नाही, पण "नाव काय, कुठलंही चालतंय" असं आमच्या बैठकीत कुणी म्हणत नाही. पर्याय मांडायच्या आधी ठरवा की कौल कुणाचा घ्यायचा आणि कोणत्या तारखेला थांबायचं. बिल्ड आपोआप चालवणाऱ्या हडसन या सॉफ्टवेअरचं जेनकिन्स झालं ते जानेवारी २०११ मध्ये कौल घेऊनच. भाषांतर करणारे, लोगो काढून देणारी कॉलेजची मुलगी, गावात बसून चुका कळवणारे, सगळ्यांना जाहीर करण्याआधी एकेक फोन करा. व्हॉट्सॲपवरून कळलं की मन दुखावतं.

तारीख निवडताना वापरणाऱ्याचा हंगाम बघा. मृग निघाल्यापासून परतीचा पाऊस संपेपर्यंत आम्ही काहीही बदलणार नाही. सोयाबीन घरात आलं, दिवाळी झाली, की मग. रीडमीच्या (प्रकल्पाची ओळख करून देणाऱ्या फाइलच्या) दुसऱ्या ओळीत 'पूर्वीचं नाव: पाऊस' राहील, म्हणजे जुन्या नावानं शोधणारा पोचेल. चेंजलॉगमधल्या (बदलांच्या यादीतल्या) जुन्या नोंदी जशा आहेत तशाच ठेवायच्या. आणि जुन्या डोमेनचे पैसे पुढची पाच वर्षं तरी भरत राहायचे आहेत. ते डोमेन आज एकाच्याच खात्यावर आहे, त्याचा पासवर्ड दुसऱ्या कुणाकडे नाही. पुढच्या रविवारी लातूरला भेटू तेव्हा पहिलं काम तेच.