तिसऱ्या रात्रीची तयारी

आमच्या कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत दारू सोडायची म्हटली की आधी माळ आठवते. मामांनीही तेच केलं होतं. पंढरीची माळ गळ्यात घातली, त्या सकाळपासून थेंब घेतला नाही आणि दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या ताटावरच फिट आली. कुणी कांदा फोडून नाकाशी धरला, कुणी चप्पल आणली, कुणी दातांत चमचा घातला. माळेचा यात काही दोष नव्हता. रोज पिणाऱ्याच्या मेंदूला दारू एकाएकी तोडलेली सोसत नाही, हे घरात एकालाही ठाऊक नव्हतं. म्हणून गेल्या वर्षी मामेभावाची दारू डॉक्टरांच्या देखरेखीखाली घरीच सोडवायचं ठरलं तेव्हा मी शंभर पानी वही आणली. तिच्यातलंच इथं उतरवतोय. गोळ्यांचा डोस यात नाही. तो ज्याच्या-त्याच्या डॉक्टरांनी ठरवायचा.

सगळ्यात आधी, घरी करता येईल का हे डॉक्टरांनाच ठरवू द्या. त्यांच्यासमोर खरं बोला. दिवसाला किती, देशी की विदेशी, सकाळी हात कापू नयेत म्हणून उतारा लागतो का, सोबत झोपेच्या गोळ्या किंवा आणखी काही चालतं का. बायकोसमोर माणूस दोन क्वार्टरची एक करतो, तेव्हा त्याला थोडा वेळ डॉक्टरांजवळ एकटा सोडा. पूर्वी दारू सोडताना फिट आली असेल किंवा भ्रम झाला असेल, कावीळ किंवा पोटात पाणी असेल, हृदयाचा आजार असेल, डोक्याला मार लागला असेल, जीव द्यायची भाषा केली असेल, बाई गरोदर असेल किंवा माणूस घरात एकटाच राहत असेल, तर घरचा हट्ट सोडा आणि ॲडमिट करा. मामांना आज कुणी घरी करू दिलं नसतं. रक्त, लिव्हर, साखर, ईसीजी हे ज्या दिवशी सांगतील त्याच दिवशी उरका. आणि ठरलेल्या तारखेआधी ‘उद्यापासून बंद’ असा शूरपणा त्याला करू देऊ नका.

तारीख निवडताना कॅलेंडर बघा. गटारीचा आठवडा नको, आषाढातली त्र्यंबोलीची जत्रा नको, भावकीतलं लग्न नको. सलग सात-आठ दिवस घरात दोन धडधाकट माणसं हवीत. शेवटचा पेग किती वाजता घेतला ते वहीच्या पहिल्या ओळीत लिहा, कारण पुढचं सगळं तिथून मोजायचं असतं. सहा-आठ तासांत हात कापायला लागतात, घाम सुटतो, मळमळतं. फिटचा धोका मुख्यतः पहिल्या ४८ तासांत. सगळ्यात वाईट प्रकार, म्हणजे ताप, छातीत धडधड, भिंतीवर किडे दिसणं, घरच्यांना न ओळखणं, हा साधारण ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान येतो. आपल्याकडे घोळ इथंच होतो. पहिल्या दिवशी आत्यापासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळे सफरचंदं घेऊन हजर, आणि तिसऱ्या रात्री जागायला कुणी नाही. ज्याची उद्यमनगरात कारखान्यात पहिली पाळी तो घोरतोय, वहिनी दोन रात्री जागून बसल्या-बसल्या पेंगतायत. म्हणून पाळ्या तिसऱ्या रात्रीपासून मागे लावत या. सगळ्यात ताज्या माणसाला त्या रात्रीसाठी राखून ठेवा.

गोळ्या एकाच माणसाच्या ताब्यात, कुलपात. बहुतेक वेळा क्लोरडायझेपॉक्साइड देतात आणि पाच-सात दिवसांत पायरीपायरीने कमी करतात. लिव्हर बिघडलेलं असेल तर दुसरी गोळी निवडतात, त्यामुळे शेजाऱ्याची चिठ्ठी इकडे चालत नाही. प्रत्येक डोसआधी तो नीट जागा आहे का, बोलणं अडखळतंय का, ते बघा. फार गुंगीत असेल तर गोळी न देता आधी डॉक्टरांना फोन करा. गोळीवर दारू पडली तर श्वास मंदावतो, म्हणून चोरून प्यायला असेल तर लाजेनं लपवू नका. आमच्याकडे नर्स रोज येऊन हात कापणं, घाम, मळमळ, बेचैनी अशा दहा गोष्टींना गुण देऊन जायच्या. मधल्या वेळात नाडी, बीपी आणि ताप आम्ही लिहायचो.

व्हिटॅमिन बी-१ म्हणजे थायमिनचं इंजेक्शन डॉक्टर सांगतील तेव्हा चुकवू नका. ‘अशक्तपणा आलाय, गल्लीतल्या दवाखान्यात एक सलाईन लावून आणू’ हा सल्ला हमखास मिळतो. थायमिनआधी ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते, तेव्हा हा सल्ला मोडून काढा. जाहिरातीतली ‘न कळता जेवणात मिसळायची’ पावडर तर घरातच नको. त्यात डायसल्फिराम असेल आणि वर दारू पडली, तर बीपी कोसळून जीवावर बेततं.

खोली तळमजल्याची, गादी जमिनीवर, रात्री मंद दिवा. बाहेरून कडी घालू नका, तो कैदी नाही. बाईकची किल्ली, विळी, फिनेल उचलून ठेवा. लपवलेला साठा त्यालाच विचारून काढा; आमच्याकडे एक माळ्यावर, एक डिकीत आणि एक गोठ्यात वैरणीखाली निघाली. खोकल्याची औषधं आणि सॅनिटायझरसुद्धा हलवा. खायला पेज, मऊ भात, ताक, नाचणीची आंबील. तांबडा रस्सा पोट ताळ्यावर आल्यावर.

फिट आली तर कुशीवर वळवा, आजूबाजूचं सामान सरकवा, घड्याळ बघा. तोंडात काही घालायचं नाही. कांदा-चप्पल हुंगवायचं तर नावच नको. फिट, भ्रम, चढता ताप, रक्ताची उलटी किंवा उठवूनही न उठणं, यातलं एक जरी दिसलं तरी १०८. आम्ही आधीच ठरवलं होतं की सरळ सीपीआर, म्हणजे इथलं सरकारी रुग्णालय, गाठायचं. फाईल, आधार कार्ड आणि गोळ्यांची चिठ्ठी दाराशी पिशवीत टांगलेली होती. एरवी सल्ल्यासाठी व्यसनमुक्तीची १४४४६ ही टोल-फ्री हेल्पलाइन आहे.

दारूऐवजी झोपेच्या गोळ्यांची सवय असेल तर हे वेळापत्रक लावू नका. त्या आठवडेच्या आठवडे कमी करत न्याव्या लागतात, एकदम तोडल्या तर त्यानेही फिट येते. ब्राउन शुगरचं वेगळंच: ती सोडताना अंग मोडून निघतं, पण खरा धोका नंतर. शरीराची सवय गेलेली असते, आणि जुन्याच मापाने पुन्हा घेतली की माणूस दगावतो.

सातव्या दिवशी उरलेल्या गोळ्या मोजून डॉक्टरांकडे परत नेल्या, तिथंच तलफ कमी करायच्या औषधाचं आणि समुपदेशनाचं ठरलं. आता राहिली संध्याकाळची सातची वेळ, दादाची, म्हणजे मामेभावाची, बसायची वेळ. त्या वेळेला काय, हे आधीच ठरवून ठेवा. आम्ही त्याला गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर न्यायला लागलो, धारोष्ण दूध प्यायला. जाताना दोन गल्ल्या वळसा पडतो, कारण सरळ वाटेवर त्याचा नेहमीचा बार आहे आणि तिथला वेटर त्याला नावानं हाक मारतो.