सबडिव्हिजनचा यार्ड सेल: नाव काय द्यायचं, जाहिरात कशी करायची

स्प्रिंग आला की टेक्सासमधल्या डॅलसच्या उत्तरेला, फ्रिस्को प्लेनो ॲलन सगळीकडे, नवीन आलेली मंडळी हेच विचारतात की एचओएचा, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेचा, मेल आलाय, कम्युनिटी यार्ड सेल आहे (घरोघरच्या वापरलेल्या वस्तू एकाच दिवशी आपापल्या दारात मांडून विकायच्या), व्हॉलंटियर हवेत, हो म्हणू का? नक्की म्हणा, आणि जमलं तर जाहिरातीचंच काम मागून घ्या. ज्या शेजाऱ्यांना आजवर नुसता लांबून हात केलाय त्यांच्या दारात जाऊन "तुम्ही काय काय काढणार आहात?" असं विचारता येतं, ओळख व्हायला याच्याइतकं सोपं निमित्त मला तरी इथे दुसरं दिसलं नाही.

आधी नाव. आपल्याला कार्यक्रमाला गोड नाव द्यायची हौस असते, पण यार्ड सेलच्या नावातून कुठे आहे आणि किती मोठा आहे हे कळलं पाहिजे, बाकी काही नाही कळलं तरी चालेल. म्हणून आधी सबडिव्हिजनचं, म्हणजे आपल्या वसाहतीचं, किंवा जवळच्या मोठ्या रस्त्याचं नाव, पुढे कम्युनिटी यार्ड सेल, आणि त्याला जोडून किती घरं ते. या देशातला सगळ्यात प्रसिद्ध यार्ड सेल बघा, १९८७ मध्ये टेनेसी-केंटकीकडे सुरू झाला, आता दर ऑगस्टमध्ये मिशिगनपासून अलाबामापर्यंत सुमारे ६९० मैल भरतो, आणि नाव काय तर १२७ यार्ड सेल, कारण बराचसा हायवे १२७ च्या कडेने लागतो. नाव वाचलं की गाडी कुठे वळवायची ते कळतं.

महाराष्ट्र मंडळाचं किंवा 'इंडियन' असं नाव लावू नका, असं मला अगदी मनापासून वाटतं. बाहेरच्याला वाटतं हा त्यांच्या मेंबर लोकांचा कार्यक्रम आहे, तो थांबतच नाही, आणि शेजारचे अमेरिकन किंवा मेक्सिकन कुटुंब आपलं टेबल लावायला कचरतं. सेल गल्लीतल्या सगळ्यांचा आहे तर नावही गल्लीचंच हवं.

दुसरं म्हणजे प्रकार बरोबर लिहा. दोन-तीन घरं असतील तर मल्टी-फॅमिली म्हणायचं, कुणी गाव सोडून चाललं असेल तर मूव्हिंग सेल. इस्टेट सेल मात्र उगाच लिहू नका, ते म्हणजे बहुतेक वेळा कुणी वारल्यावर किंवा मोठं घर आवरताना अख्ख्या घरातलं सामान विकायला काढतात ते, जुनं फर्निचर आणि दागिने बघायला लोक लांबून येतात आणि तुमच्याकडे प्लास्टिकची खेळणी बघून चिडतात. कनेटिकटकडे बदली झाली तर तिथे यार्ड सेललाच टॅग सेल म्हणतात हेही लक्षात असू द्या.

तारीख ठरवायच्या आधी एचओए आणि सिटी दोन्हीकडे विचारा. डॅलस शहरात गराज सेलला (यार्ड सेलचंच दुसरं नाव) परमिट लागतं आणि एका घराला वर्षात दोनच करता येतात, बाकी प्रत्येक सिटीचे नियम वेगळे, वेबसाईटवर असतात. इथे डॅलसकडे एप्रिल किंवा मेच्या सुरुवातीचा शनिवार उत्तम, सकाळी ७ ते १२, जुलैत उन्हाने ड्राईव्हवेवर उभं राहवत नाही. ऑक्टोबर हवा असेल तर टेक्सास-ओक्लाहोमा या कॉलेज फुटबॉल मॅचचा शनिवार टाळा, आणि आपला दसरा-दिवाळीही बघून घ्या.

आता मजकूर. ५/१० असं लिहिलं की इथे ते १० मे होतं, आपला हात सवयीने उलटं लिहितो, म्हणून महिना अक्षरात लिहा आणि वारही लिहा. मग वेळ, जवळचा चौक, गेट असेल तर ते उघडं राहणार का, पाऊस आला तर काय. नंतर वस्तू. "खूप छान छान वस्तू" वाचून कुणी उठून येत नाही, लेगो, आयकियाचं फर्निचर, डिवॉल्टची हत्यारं, बेबी स्ट्रोलर, सायकली अशी नावं टाका, लोक तेच सर्च करतात. क्रेगलिस्ट, फेसबुक मार्केटप्लेस आणि नेक्स्टडोअर (शेजाऱ्यापाजाऱ्यांचं ॲप) तिन्हीकडे बुधवार-गुरुवारी टाका, कारण नेहमी सेल फिरणारे आपला शनिवारचा रूट आधीच ठरवून ठेवतात. व्हॉट्सॲप ग्रुपवर वेगळा मेसेज करा, तिथे स्टीलचे डबे, कुकर, मराठी पुस्तकं असं लिहिलंत तर आपली माणसं सकाळी सातला हजर होतील.

फ्लायर कुणाच्याही मेलबॉक्समध्ये टाकू नका हं, हे खरंच महत्त्वाचं आहे. पोस्टाचं तिकीट न लावलेला कागद मेलबॉक्समध्ये टाकणं फेडरल कायद्याने चालत नाही, दंड होऊ शकतो. दाराशी ठेवा किंवा हातात द्या, हातात दिलेलं सगळ्यात छान.

रस्त्यावरचे बोर्ड सगळे एकाच भडक रंगाचे करा, म्हणजे पहिल्या वळणावर पिवळा दिसला की पुढेही पिवळाच शोधायचा हे गाडीवाल्याला आपोआप कळतं. ताशी ३५ मैलांनी जाणाऱ्याला चारच शब्द वाचता येतात, यार्ड सेल, शनिवार, वेळ, आणि मोठ्ठा बाण. बाण गाडीत बसून, रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी येऊन तपासा. विजेच्या खांबावर आणि डिव्हायडरवर लावायला बऱ्याच सिटींमध्ये मनाई असते, कोपऱ्यावरच्या घरवाल्यांना विचारून त्यांच्या लॉनवर लावा, सहसा नाही म्हणत नाहीत. ज्या घरांत सेल आहे तिथे फुगे बांधा.

सगळ्यांकडून वस्तूंची यादी घेताना पाळण्यांकडे लक्ष द्या. एक बाजू खाली सरकणारे जुने क्रिब जून २०११ पासून विकायलाच बंदी आहे, यार्ड सेलमध्येसुद्धा, आणि रिकॉल झालेली, म्हणजे धोकादायक म्हणून परत मागवलेली, कुठलीच वस्तू विकता येत नाही. कारसीटवर एक्सपायरीची तारीख असते तीही बघा. अशी वस्तू फुकटसुद्धा देऊ नका, त्यात कुणाचं तरी बाळ झोपणार असतं.

दुपारी सेल संपला की ऑनलाईन पोस्टवर 'संपला' लिहा आणि बोर्ड त्याच दिवशी काढून आणा, नाहीतर रविवारी सकाळीही लोक बेल वाजवतात.