घरातील मुंग्यांचा मुळापासून बंदोबस्त

ओट्यावर मुंग्यांची रांग दिसली की हात आपोआप कीटकनाशकाच्या फवाऱ्याकडे जातो आणि पहिली चूक तिथेच होते. अन्न शोधायला बाहेर पडलेल्या कामकरी मुंग्या म्हणजे वारुळातील एकूण संख्येचा लहानसा भाग असतो. राणी, अळ्या आणि उरलेल्या कामकरी मुंग्या भिंतीच्या पोकळीत, फरशीखाली किंवा बाहेरच्या मातीत सुरक्षित असतात. दिसणारी रांग मारली तरी राणीचे अंडी घालणे थांबत नाही. ज्या जातींच्या एकाच वसाहतीत अनेक राण्या असतात, त्यांच्यापैकी काही जाती तर फवारणीने बिथरून विभागल्या जातात आणि घरात आणखी ठिकाणी वस्ती करतात.

म्हणून आधी रांगेचा माग काढावा. मुंग्या चालताना जमिनीवर गंध सोडतात आणि मागून येणाऱ्या त्याच गंधावरून वाट धरतात, त्यामुळे रांग लगेच पुसून टाकली तर आपल्यालाच त्यांचा उगम सापडत नाही. खिडकीची चौकट, नळाभोवतीचे भोक, फरशीचे सांधे, विजेच्या बोर्डाच्या कडा या जागा बारकाईने पाहाव्यात आणि मुंग्या जिथून आत येतात तिथे पेन्सिलीने खूण करावी.

आता आमिष ठेवावे. 100 मिलिलिटर कोमट पाण्यात 10 ग्रॅम साखर आणि 1 ग्रॅम बोरिक पावडर पूर्ण विरघळवून, त्यात भिजवलेला कापसाचा बोळा एका झाकणात घालून रांगेच्या शेजारी ठेवावा. पावडर मोजूनच घ्यावी, कारण प्रमाण वाढवले तर मुंग्या आमिषाला तोंड लावत नाहीत किंवा वारुळात पोहोचण्याआधीच मरतात. विष सावकाश भिनले तरच त्याचा उपयोग होतो: कामकरी मुंगी पोटात साठवलेले द्रव अन्न तोंडाने इतर मुंग्यांना भरवते आणि त्या साखळीतून ते राणीपर्यंत जाते. पहिल्या दिवशी आमिषाभोवती गर्दी वाढलेली दिसेल. ती पाहून धीर सोडू नये, तिथली एकही मुंगी मारू नये आणि जवळपास फवारणीही करू नये. बोळा सुकला की बदलावा. वसाहत संपायला काही दिवस, कधी काही आठवडेही लागतात. गोड आमिषाकडे मुंग्या फिरकतच नसतील, तर त्यांना त्या वेळी तेलकट किंवा प्रथिनयुक्त अन्न हवे असते. दोन्ही प्रकारांचे नमुने शेजारी ठेवून त्या काय उचलतात ते पाहावे आणि त्यानुसार आमिष बदलावे.

बोरिक पावडर पोटात गेल्यास माणसाला आणि पाळीव प्राण्यांना अपाय होतो. लहान मुले असलेल्या घरात हे आमिष बारीक भोके पाडलेल्या बंद डबीत, हात पोहोचणार नाही अशा जागी ठेवावे. मिश्रणाची भांडी वेगळी ठेवावीत आणि उरलेल्या बाटलीवर ठळक नाव लिहावे.

रांग थांबल्यानंतर साबणाच्या पाण्याने सारी वाट पुसून काढावी आणि खूण केलेल्या फटी सिलिकॉनने किंवा पांढऱ्या सिमेंटने बुजवाव्यात. साखरेचे डबे घट्ट झाकणाचे असावेत, मधाच्या बाटलीची बाहेरची बाजू पुसलेली असावी आणि कचरा रात्रभर उघडा राहू नये. कुंड्यांकडे मात्र हमखास दुर्लक्ष होते. झाडावरील मावा आणि पिठ्या ढेकूण गोड चिकट द्रव सोडतात, त्यासाठी मुंग्या त्या किडींची राखण करतात. ती कीड काढल्याशिवाय तिथली ये-जा थांबत नाही.

लाकडी चौकटीखाली बारीक भुसा पडत असेल, तर लाकूड पोखरून राहणाऱ्या मुंग्यांची शंका घ्यावी. त्या बहुधा ओलसर लाकडात घर करतात, त्यामुळे आधी पाण्याची गळती दुरुस्त करावी. पंखवाले कीटक दिसल्यास एखादा पकडून नीट पाहावा: मुंगीची कंबर बारीक असते आणि पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे असतात, तर वाळवीची कंबर जाड आणि चारही पंख सारख्याच लांबीचे असतात. वाळवी निघाल्यास साखरेच्या आमिषाचा काही उपयोग नाही. वाळवी-नियंत्रण करणाऱ्या तज्ज्ञाला विनाविलंब बोलवावे.