मळ्यातलं जातं परत आणताना: शोधण्यापासून पहिल्या दळणापर्यंत

आमच्या मळ्यातल्या वस्तीवर पंचवीसेक वर्षं कुणी राहत नव्हतं, पडवी बसली, गोठ्याचे वासे लोकांनी नेले, आणि मग कळलं की रान वाटणीत दुसऱ्या घराकडे जाणार. आत्या एवढंच म्हणाली, बाकी काही नको मला पण आईचं जातं तेवढं आण. ते आणून परत दळतं करायला आम्हाला दोन महिने लागले, त्यात जे शिकलो ते सगळं लिहितोय, कुणाच्या तरी रानात असंच एखादं जातं पडलेलं असणार म्हणून.

आधी विचारा, मग उचला. रान विकलेलं असेल तर नव्या मालकाला, सामाईक असेल तर चुलत्यांना सरळ फोन करून सांगा की जातं नेतोय. दगडच तर आहे असं वाटतं, पण नंतर कुणाच्या तरी मनात राहतं. आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारा की जातं कुठं मांडलेलं असायचं, किती मोठं होतं, खुंटा, म्हणजे जातं फिरवायचा दांडा, कुठल्या लाकडाचा होता. पुरुषांना हे सहसा माहीत नसतं, आमच्याकडे तरी कुणालाच नव्हतं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दोन्ही तळ्या, म्हणजे जात्याचे वरचा आणि खालचा असे दोन्ही गोल दगड, शोधा. वरची तळी सापडली की लोक खूश होऊन घरी जातात पण जातं ही जोडी असते, वर्षानुवर्षं एकमेकींवर घासून त्या दोघींचा उतार एकमेकींना जुळलेला असतो, खालची मधे किंचित फुगीर आणि वरची तेवढीच आतून खोलगट. दुसऱ्या जात्याची तळी आणून बसवली तर पीठ एकसारखं पडत नाही. आमची वरची तळी विहिरीपाशी धुणं धुवायच्या जागी पालथी घातलेली सापडली, खालची मात्र कुठंच दिसेना, शेवटी कडुनिंबाखाली देवाच्या ओट्याला पायरी म्हणून बसवलेली निघाली, वर नुसता मेखेच्या, म्हणजे मधल्या खिळ्याच्या, भोकाचा खळगा दिसत होता. तेव्हा पायऱ्या, ओटे, नांदीखालचे दगड, बांध सगळं बघा, मधे गोल भोक असलेला घडीव दगड दिसला की थांबा. पायरी काढली तर तिथं दुसरा दगड बसवून द्या, आम्ही दिला.

काढायची वेळ उन्हाळ्याची. पावसात काळी माती दगड धरून ठेवते आणि गाडी पण रुतते. हात घालायच्या आधी पहारीने दगड एका बाजूने उचलून थोडा वेळ तसाच ठेवा, खाली विंचू हमखास असतो, साप पण असू शकतो, आणि बोटं तळीखाली कधीच घालू नका. वजनाचा अंदाज असू द्या, १६ इंच रुंद आणि ४ इंच जाड तळी म्हणजे ३७-३८ किलो होते, दिसते त्यापेक्षा खूप जड. दोघांनी उचला, किंवा उभी करून चाकासारखी गडगडवत न्या, पण खाली पोती टाकून, काठ एकदा उडाला की तो परत येत नाही. गाडीत जुन्या टायरवर किंवा गादीवर आडवी ठेवा, एकावर एक ठेवायच्या असतील तर मधे जाड गोणपाट पाहिजेच.

घरी आणल्यावर लगेच धुवायला घेऊ नका. आधी लाकडाच्या दोन ठोकळ्यांवर ठेवून लाकडी हातोडीने चारी बाजूंनी हलकं वाजवून बघा, चांगला दगड खणखणीत वाजतो, आत चीर असेल तर आवाज बद्द येतो. बद्द वाजणारी तळी दळायला वापरू नका, फिरवताना फुटली तर पायावर येईल. ती जपून ठेवा, बस.

धुताना साधं पाणी, नारळाच्या काथ्याची घासणी आणि लाकडाची काडी, एवढंच. शेवाळ ओलं असताना खरवडत बसू नका, चार दिवस कडक उन्हात वाळवा, आपोआप सुटतं. साबण, डिटर्जंट नको कारण दगडाला बारीक छिद्रं असतात, त्यात तो मुरतो आणि मग पिठाला वास येतो. आणि ॲसिड तर अजिबात नको. आमच्याकडे मदतीला आलेल्या एकाने चांगल्या मनाने फरशी धुवायचं ॲसिड एका कडेला टाकलं, मिनिटभरात फेस आला आणि तिथला दगड पांढुरका आणि खरबरीत झाला, तो डाग आता कायमचा. आपला काळा दगड म्हणजे बेसाल्ट, त्यात कधी कधी पांढऱ्या स्फटिकांचे ठिपके असतात, ती घाण नाही, दगडाचाच भाग असतो, कोरून काढू नका. सिमेंट चिकटलं असेल तर बारीक छिन्नीने, घाई न करता. कुणी ऑइल पेंट फासला असेल आणि तो दळायच्या तोंडावर असेल तर पेंट रिमूव्हर लावून ते जातं खाण्यासाठी वापरू नका, टाकीवाल्याकडून, म्हणजे छिन्नीने दगडाला खाचा घालणाऱ्याकडून, तो थर पूर्ण उतरवून घ्या.

आता मेख, म्हणजे खालच्या तळीच्या मधला लोखंडी खिळा, ज्याच्यावर वरची तळी फिरते. बहुतेक जात्यांत हा गंजलेला असतो, आणि लोखंड गंजलं की फुगतं, त्या दाबाने दगडाला चीर जाऊ शकते, म्हणून ठोकून काढायचा नाही. पकडीने थोडा थोडा हलवत सैल करा, फारच अडकला तर बाजूचा सडलेला लाकडाचा भाग कोरून घ्या. आम्ही बाभळीच्या सुक्या लाकडाची खुंटी करून भोकात घट्ट बसवली आणि तिच्यात नवीन लोखंडी मेख ठोकली. काही जुन्या जात्यांत मेख शिसं ओतून बसवलेली सापडते, ते शिसं काढून टाका, पिठाच्या वस्तूत शिसं नको. वरच्या तळीच्या तोंडात, म्हणजे दाणे टाकायच्या भोकात, आडवी लाकडी पट्टी असते, तिच्या मधल्या भोकात मेखेचं टोक बसतं, ती पण नवीन करावी लागते आणि भोक बरोबर मध्यावर पाहिजे, दोन-तीन मिलिमीटर इकडे तिकडे झालं तरी जातं डुलतं.

खुंट्याला बाभूळ नाहीतर शिसव, पूर्ण वाळलेली. ओलं लाकूड बसवलं तर वाळून सैल होतं हे सगळ्यांना माहीत आहे, पण उलटंही लक्षात ठेवा, सुकी पाचर ठासून मारली आणि तिला पाणी लागलं तर ती फुगते आणि दगड फोडते. खाणीत पाथरवट लाकडी पाचरी भिजवून दगड फोडायचे ते याच जोरावर. म्हणून खुंटा हाताने दाबून बसेल इतपतच घट्ट करा, आणि नंतर जातं धुताना खुंटा काढून धुवा.

मग टाकी. वर्षानुवर्षं पडून किंवा वापरून दळायचं तोंड गुळगुळीत झालेलं असतं, त्याला छिन्नी-हातोडीने बारीक खाचा घालून परत खरखरीत करायचं, यालाच टाकी लावणं म्हणतात. पूर्वी वडार, पाथरवट बायामाणसं दारोदार ‘टाकीऽऽ’ म्हणून हाळी देत यायची. आता शोधावं लागतं, आठवडी बाजारात पाटे-वरवंटे विकायला बसतात त्यांना विचारा, बहुतेकदा तिथंच माणूस मिळतो, आणि तो मागेल ते पैसे द्या, घासाघीस करू नका, हे हात आता फार थोडे राहिलेत. मधे टाके जरा खोल आणि कडेकडे बारीक होत गेले पाहिजेत, दाणा आधी मधे फुटतो आणि कडेला पीठ होऊन बाहेर पडतो. ग्राइंडर मशीन मारायला देऊ नका, त्याने सरळ चरे पडतात आणि टाक्यांमधला खरखरीतपणा येत नाही. टाकी चालू असताना तोंडाला फडकं आणि डोळ्याला चष्मा, काम करणाऱ्याला पण द्या.

टाकी लावल्यावर पहिलं पीठ खायचं नाही. तळ्या ब्रशने झाडून, पाण्याने धुवून, उन्हात दोन दिवस वाळवा, मग मूठ मूठ कणी किंवा हलकी ज्वारी वैरत किलोभर दळा आणि टाकून द्या, जनावराला पण घालू नका कारण त्यात दगडाची कच असते. असं चार-पाच वेळा. कच संपली का ते बघायला चमचाभर पीठ ग्लासभर पाण्यात ढवळून वरचं पाणी हळूच ओता, तळाशी उरलेलं बोटावर चोळा, करकर लागली तर अजून एकदा दळा. आमचं सहाव्या वेळेला स्वच्छ निघालं.

डाळ भरडायची असेल तर मेखेला चिंधीचं कडं घाला म्हणजे वरची तळी थोडी उचलली जाते आणि दाणा पीठ न होता फुटतो, हे आत्याने सांगितलं, माझ्या लक्षात कधी आलं नसतं. दळून झालं की कुंच्याने झाडून घ्या, ओलं ठेवू नका, आणि फरशीवर थेट न मांडता खाली गोणपाट टाका. बागेत टेबल करून ठेवायचं मनात असेल तर माझं कळकळीचं सांगणं आहे की आधी एकदा तरी त्याच्यावर दळून बघा, मग ठरवा.

आणि दळताना फोनचं रेकॉर्डिंग चालू ठेवा. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ यांनी गावोगावी फिरून जात्यावरच्या १ लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, पण तुमच्या घरातली ओवी त्यात असेलच असं नाही. आत्याला आम्ही आधी नुसतंच म्हण म्हटलं तर म्हणाली, मला कुठं काय आठवतंय. मग जातं मांडलं, ती एक पाय पसरून बसली, समोरून माझ्या आईने खुंट्याला हात लावला, दोन-चार फेरे नुसतेच झाले आणि मग तिला शब्द आले, एकापाठोपाठ एक, तिच्या भावाचे, माहेराच्या वाटेचे, आजीचं नाव घालून. बावीस मिनिटं. मधे फक्त पीठ पडायचा आवाज आहे.